मिठाच्या बर्फातलं औषध

“आतू, मागे सर!” मी ओरडलो, आणि पाठोपाठ माझ्याच नडगीचा आवाज मला ऐकू आला.

ओला बांबू गुडघ्यावर घेऊन मोडावा, तसा आवाज. दुखणं नंतर आलं. मी वाळूवर उताणा पडलो होतो. वर जयवंत तारी उभा होता आणि त्याच्या हातात बर्फाची लादी फोडायची लोखंडी पहार होती. माझं उत्सवासाठी नेसलेलं नवंकोरं धोतर गुडघ्याखाली लाल होत चाललं होतं, आणि त्या लालातून एक पांढरं टोक वर आलं होतं. ते हाड आहे आणि ते माझं आहे, हे कळायला मला जरा वेळच लागला.

भोवती हाणामारी चालूच होती. कोणी वल्ह्यानं हाणत होतं, कोणी दगड भिरकावत होतं. माझा धाकटा भाऊ आत्माराम, आमचा आतू, कपाळावरचं रक्त पुसत जयवंताच्या अंगावर धावत होता आणि चौघं त्याला मागे ओढत होते. लांब देवळाच्या कर्ण्यावर कीर्तनकार वझेबुवांच्या पेटीवाल्यानं सूर धरला होता. माझ्या हातात झांज होती. कीर्तनात मी बुवांच्या मागे झांजेला उभा राहायचो. आतूला भांडणातून ओढून आरतीपर्यंत तरी देवळात बसवावं, म्हणून मी किनाऱ्यावर आलो होतो.

जयवंत परका असता तर गोष्ट इतकी वाढली नसती. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा. बंदरावरचा बर्फाचा कारखाना त्याचा. त्या वर्षी त्यानं दिव्यांची मोठी बोट आणली. पाण्यात उजेड सोडला की दर्यातली सगळी मासळी त्याच्याभोवती गोळा व्हायची आणि आम्हा छोट्या होडीवाल्यांची जाळी सकाळी धुतल्यासारखी कोरी वर यायची. त्या दुपारी होडीवाले जाब विचारायला जमले होते. पुढे आतू होता.

याला आता बरीच वर्षं झाली. उचलून नेतानाचं आठवतं ते एवढंच की मी एकाला म्हणत होतो, “झांज पडली रे तिकडे, झांज बघ.”

तालुक्याच्या गावी डॉक्टर हिरेमठबाईंनी नडगीत सळई घातली. बाई बेळगावच्या. आवाज बारीक, हात मात्र सुतारासारखे. हाड दोन ठिकाणी फुटलं होतं आणि जखमेत वाळू गेली होती. घरी आलो तो खाटेवर. पोलिसांत केस झाली, जयवंत जामिनावर सुटला, आणि सुटल्या दिवशीच त्यानं शेवंतीला ताकीद दिली की माहेरचा उंबरा ओलांडलास तर पाय घरी घेऊन येऊ नकोस.

दिवस जात राहिले, नडगी काही जुळेना. खुब्यात बळ होतं, गुडघा वाकत होता. पण पाय टेकला की आत कोणी सुरी फिरवावी तशी कळ यायची.

एका सकाळी आतू देवळातून आला. कपाळाला शेंदूर, हातात फोडलेला नारळ. खाटेजवळच्या स्टुलावर बसला आणि खोबरं माझ्यापुढे केलं.

“घे. रवळनाथाक गाऱ्हाणा घालून इलंय.”

“कसला गाऱ्हाणा?”

“दादाचो पाय जुळलो तर देवाक तुझ्या हातसून नारळ. नाय जुळलो तर जयवंताचो तोच पाय, त्याच जागेर, माझ्या हातसून.”

खोबरं माझ्या तोंडातच राहिलं. “देवान काय सांगल्यान?”

“देव काय बोलता? गुरव ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो.”

“गुरव काय, नारळ दिसलो की कशाकय व्हय म्हणता!”

आतू हसला नाही. “देवासमोर बोललेला आसा, दादा. आता तो पाय जुळूक होयो, नायतर...” आणि तो उठून जाळं विणायला पडवीत गेला. त्या दिवसापासून माझी नडगी माझी राहिली नाही. ती जुळली तर दोन्ही घरं वाचणार होती. नाही जुळली तर आतू जयवंताला तोडणार, आणि मग एक तुरुंगात, एक खाटेवर, आणि शेवंती दोघांच्या मधे. आमच्याकडे देवाला घातलेलं आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुजू झालेलं गाऱ्हाणं म्हणजे बंदुकीतून सुटलेली गोळी. ते परत घेतल्याचं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं.

वझेबुवा उत्सवाव्यतिरिक्त कधी गावात यायचे नाहीत, पण मला बघायला मुद्दाम आले. गोरे, किडकिडीत, खिशात बुक्क्याची डबी. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, “सगुणराव, झांज हातानं वाजते. नडगीचं निमित्त सांगून रजा मिळणार नाही.”

मी हसलो, आणि मग सगळं सांगितलं. आतू दाराशी उभा होता. तोच म्हणाला, “बुवा, तुमी कीर्तनात राक्षसाचे हात तोडतास, मुंडकी उडवतास. तेवां सगळो देऊळ टाळ्यो वाजयता. मगे मी एक पाय मोडलो तर पाप कसा?”

बुवांनी डबी उघडली, मिटली. “मारतो रे. रोज मारतो. वधाला रंग चढतो, लोक पुढे सरकून बसतात. पण राक्षस मेल्यावर त्याच्या घरी कोण रडलं, ते मी सांगत नाही. सांगायला घेतलं तर कीर्तन आटोपत नाही.”

“राक्षसाच्या घरी कोण रडता?”

“तुझी बहीण,” बुवा म्हणाले.

आतू तोंड फिरवून निघून गेला. पण गाऱ्हाणं होतं तिथेच होतं.

डॉक्टर हिरेमठबाईंनी पुन्हा नडगी उघडली. कमरेचं थोडं हाड काढून फटीत भरलं. आणि या वेळी जाताना एक औषध लिहून दिलं. जाड पेनासारखी नळी, आत औषध, टोकाला बारीक सुई. रोज सकाळी पोटाच्या कातडीत टोचायची.

“हे खरं तर हाडं ठिसूळ झालेल्यांचं औषध आहे,” बाई म्हणाल्या. “म्हाताऱ्या बायकांना जास्त देतो आपण. शरीराला नवं हाड बांधायला लावतं. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी त्याचा वापर अजून पक्का ठरलेला नाही. काहींना उपयोग झालाय, काहींना नाही. तुमच्या बाबतीत करून बघावं असं मला वाटतं. खात्री देत नाही.”

“म्हाताऱ्या बायलांचा औषध?” आतूनं विचारलं.

“आता लुगडं पण नेसायचं काय हो बाई?” मी म्हणालो.

बाई हसल्या. “लुगडं नको. पण थंड जागी ठेवायचं. फ्रिजमध्ये, दूध ठेवता तसं.”

आमच्याकडे छोटा फ्रिज होता. प्रश्न सुईचा होता. सुरमईच्या काट्यानं तळहात फाडून घेतलेला मी, पण स्वतःच्या पोटात सुई घालायची म्हटलं की डोळ्यांपुढे काळोख. आतू पहाटेच होडी घेऊन जायचा. पहिले दिवस मी डोळे मिटून, दात खाऊन कसेबसे ढकलले. मग एका सकाळी मागच्या दारानं शेवंती आली. डोक्यावर पदर, हातात फुलांची परडी, डाव्या गालावर पिवळा पडत चाललेला वळ.

“ह्यांका वाटता मी देवळात हार गुंफूक गेलंय,” ती म्हणाली. “बनियन वर कर.”

“शेवंती, जयवंताक कळला तर?”

“तर माका जिवंत ठेवूचे नाय. आणि आतूक कळला तर ह्या औषध समुद्रात भिरकावतलो, तारीच्या घराचो हात लागलो म्हणान. म्हणान कोणाकच कळाक नको. शपथ घे.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. हात जराही हलला नाही.

“तुका गाऱ्हाण्याचा माहीत आसा?” मी विचारलं.

“सगळ्या बंदराक माहीत आसा.” तिनं सुई काढली, कापूस दाबला. “एके बाजूक तुझो पाय, दुसरे बाजूक तेंचो. मधी मी. म्हणान रोज येतलंय. ह्या हाड जुळलाच पायजे, दादा.”

ती रोज आली. यायची, टोचायची, पदरानं तोंड झाकून जायची. जाताना एखाद्या दिवशी तिचा ओठ फुटलेला असायचा. मी विचारलं की म्हणायची, “दारावर आपटलंय.” मला तिचं रक्त पुसायलाही उठता येत नव्हतं.

मग वादळ आलं. माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले, वाडीतली वीज गेली ती गेलीच. पूर्ण बंदरात एकाच ठिकाणी थंडी उरली होती. जयवंताचा बर्फाचा कारखाना, जनरेटरवर.

“मी नेतंय औषध,” शेवंती म्हणाली. “कारखान्यात कोपऱ्यात एक पत्र्याचो डबो आसा, तेका कोण हात लावणा नाय. येताना घेऊन येतलंय, जाताना परत.”

तसंच चाललं. सकाळी ती फुलांखाली ते पेन लपवून आणायची. पेन असं गार असायचं की धरलं की बोटांना चटका बसावा. कधी कधी सुईतून काही यायचंच नाही. मग शेवंती ते दोन्ही तळव्यांत धरून चोळायची, तोंडाची वाफ द्यायची, तेव्हा कुठे ते उतरायचं.

“केवढा थंड केलंस गो!”

“थंड ऱ्हवला म्हणजे बरा. माशाक बर्फ कमी पडलो की कुजता.”

हे आम्हाला दोघांनाही इतकं उघड होतं की पुढे बोलायचं काही नव्हतंच. दर्यावर जन्मलेल्या माणसाला थंडी म्हणजे बर्फ, आणि बर्फ जेवढा जास्त तेवढा माल चांगला. आतूनं एकदा विचारलं, औषध खय ठेवतस? मी म्हटलं, सोय झाली आहे. त्याला वाटलं देवळाच्या आवारात कोणाकडे तरी.

पावसाळा उलटला. वीज आली, पण शेवंती म्हणाली, “चललाहा तां चलांदे. फ्रिजापेक्षा थयसर बरा थंड ऱ्हवता.” मीही मान डोलावली. आणि ठरलेल्या दिवशी आतू मला फटफटीवर मागे बसवून तालुक्याला घेऊन गेला. कुबड्या बाजूला बांधलेल्या. वाटेत तो गात होता. भजनाची चाल, पण शब्द माझ्या नडगीचे. “आता जुळलीच म्हण,” तो म्हणाला, “एवढा टोचून घेतलंस. देवाक नारळ घालूक तूच चल, तुझ्या पायान.”

हिरेमठबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “फट तशीच आहे. निदान फटीत नवं हाड थोडं तरी धुरकट दिसायला हवं होतं. औषध रोज घेतलंत?”

“रोज. एक दिवस चुकला नाही.”

“ठेवलं कुठे?”

मी बोलायच्या आधी आतूच म्हणाला, “बर्फात ठेवत असतलो. पेन हातात धरूक येणा नाय असा गार असता. मी एकदा बघलेला.”

बाईंचा चेहरा उतरला. “बर्फात? गोठलं होतं?”

“मीठ घातलेल्या बर्फात,” मी म्हणालो. शेवंतीनं एकदा सांगितलं होतं, मीठ घातलं की बर्फ दुप्पट गार होतो, म्हणून डब्यात मूठभर घालते.

“सगुणराव, हे औषध एकदा गोठलं की मेलं. मग ते टोचणं म्हणजे पाणी टोचणं. इतके महिने तुम्ही पाणी टोचून घेतलंत.” त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. “पुन्हा सुरू करू आपण. पण कदाचित पुन्हा उघडावं लागेल.”

आतू उभा राहिला होता. “बंदरात बर्फ एकाकडेच आसा,” तो सावकाश म्हणाला. “मिठाचो बर्फ. तारीच्या कारखान्यात. दादा, तुझा औषध तेच्या कारखान्यात होता?”

शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मला आडवी आली.

“होता,” आतू म्हणाला. “आणि तेणां मीठ घालून मारल्यान. पाय मोडल्यान तो मोडल्यान, औषधय मारल्यान.”

“आतू, थांब, ऐक, तसा नाय...”

तो दारातून बाहेर होता. मी टेबलावर आडवा, पाय उघडा; मला त्यानंच उचलून वर आणलेलं, म्हणून कुबड्या अजून त्याच्या फटफटीला. खाली फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी बाईंचा फोन घेऊन त्याला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. बाईंनीच कोपऱ्यातल्या जुन्या कुबड्या दिल्या, रिक्षा बोलावली. रिक्षावाला म्हणाला, “घाई हा काय?” मी म्हटलं, “माणूस मरताहा.” मग त्यानं विचारलं नाही, पण प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत राहिला. वाटभर मी फक्त एकच म्हणत होतो, देवा, माझी नडगी घे, आता कायमची घे, पण त्याला पोचू देऊ नको.

कारखान्याचं दार उघडं होतं. कामगार बाहेर पळून रस्त्यापलीकडे उभे होते. आत धुक्यासारखी थंड वाफ, जमिनीवर खारं पाणी आणि फुटलेल्या लाद्यांचा चुरा. बर्फ ओढायच्या आकड्यानं जयवंतानं आतूचा खांदा फाडला होता. सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता. पण आकडा आता जयवंताच्या हातातून गळून बाजूला पडला होता, आणि जयवंत लाद्यांवर पाठ टेकून खाली बसला होता. तोंड फुटलेलं, एक डोळा मिटलेला. आतूच्या दोन्ही हातांत पहार होती.

“उजवो,” आतू म्हणत होता. “उजव्या पायार. त्याच जागेर. पाय पुढे कर.”

“आतू!” मी कुबड्या टाकत आत शिरलो. दोन पावलांत ओल्या फरशीवर घसरलो आणि पडलो. कोपरांवर पुढे सरकू लागलो. मीठ जखमेवर चढावं तसं ते पाणी माझ्या हातांना झोंबत होतं.

पहार वर गेली. जयवंतानं पाय ओढून घेतला नाही. मला वाटतं, त्याला आता ओढता येत नव्हता. आणि त्याच वेळी बाजूच्या दारातून शेवंती आली, नवऱ्याच्या पायावर आडवी पडली आणि हात वर केला.

मी पुन्हा तोच आवाज ऐकला. ओल्या बांबूचा.

बर्फाचं यंत्र घरघरत होतं. शेवंतीचा डावा हात मनगटाच्या वर नको तिथे वाकला होता. तिनं तो छातीशी धरला आणि किंचाळलीही नाही.

“मी ठेवलंय,” ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. “ह्या डब्यात. माझ्या हातानं. मीठ मी घातलंय. मासो टिकता तसा औषध टिकात म्हणान. ह्यांका माहीतच नव्हता. आतू, ह्यांका काय माहीत नाय.”

आतूनं पहार टाकली. ती फरशीवर आपटली आणि तिचा आवाज लाद्यांवरून घुमत राहिला.

जयवंत शेवंतीकडे बघत होता. “तू?” तो म्हणाला. “हयसर? सगुणदादाचा औषध?”

“होय. माझ्या भावाचा औषध. आणि तुमच्या पायाचा.”

मग जयवंताची नजर तिच्या वाकलेल्या हातावरून आतूकडे वळली. त्यानं बाजूचा आकडा उचलला आणि लाद्यांना धरून उठला. आतू रिकाम्या हातांनी उभा होता, डोळे शेवंतीच्या हातावर, आणि तो हलला नाही. मी पोहोचलो होतो. मी जयवंताचा घोटा धरला.

“बस, जयवंता.”

“सोड माका.”

“पाय माझो मोडलो. गाऱ्हाणा घातल्यान तेणां. माका विचारूक नाय, मी घालूक सांगूक नाय. ज्याचा दुखणा तेणां देवाक सांगूचा असता. मी माझा दुखणा मागे घेतंय. हयसर, आता, ह्या खाऱ्या पाण्यात. देवळात जाऊन नाय, हयसरच. व्हय म्हाराजा.”

त्या थंडीत माझा आवाज कीर्तनात चाल सुटावी तसा फाटून गेला. कोणी ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं नाही. आतू खाली बसला, माझ्या शेजारी, पाण्यातच, आणि माझ्या मोडक्या नडगीवर दोन्ही हात ठेवून रडू लागला.

“तो घाव माझो होतो, दादा,” तो म्हणाला. “तेच्या बोटीची दोरी मी कापलेली आदल्या दिवशी. तो माका मारूक इल्लो. मी पडलेलंय, माझ्या डोक्यार पहार येत होती, आणि तू मधी पाय घातलंस. आणि कोणाक बोललंस नाय. माका गाऱ्हाणा घालूक नको होता तर काय करूक होया होता, सांग? तुझो पाय बघीत रोज घरात कसो ऱ्हवतलो होतंय मी?”

जयवंतानं आकडा खाली ठेवला नाही, पण हातही वर गेला नाही. शेवंतीनं तिच्या चांगल्या हातानं त्याचा तो हात हळूच खाली दाबला. आकडा पाण्यात बुडाला.

आम्ही चौघं त्याच रिक्षेतून तालुक्याला गेलो. रिक्षावाला सीटकडे बघत म्हणाला, “ह्या रगत कोण धुतलो?” जयवंत म्हणाला, “मी धुतंय.” पोलिसांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं. बर्फावर घसरलो. हवालदारानं आतूच्या खांद्याकडे, जयवंताच्या डोळ्याकडे, शेवंतीच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, “चारी जणं?” शेवंती म्हणाली, “लय घसरडा असता बर्फात.”

शेवंतीच्या हाताला प्लॅस्टर झालं. माझी नडगी हिरेमठबाईंनी तिसऱ्यांदा उघडली, पुन्हा कमरेचं हाड भरलं, जाड पट्टी बसवली. आणि शुद्धीवर आल्यावर टेबलावर नवं पेन ठेवलेलं दिसलं. एका डब्यात, थंड पाण्याच्या पिशव्यांमधे, मधे कापडाची घडी, बर्फ कुठेच लागू नये अशी.

“आणलं कोणी?” मी विचारलं.

आतू खिडकीपाशी उभा होता. खांद्याला टाके, हात गळ्यात अडकवलेला. त्यानं दाराकडे मान केली. दारात जयवंत होता. डोळा अजून काळा. आत यायचं की नाही, हे त्याला ठरत नव्हतं.

“शेवंतीचो हात बांधलेलो आसा,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “तिणां सांगल्यान, आता तुमी टोचा. नर्सबाईन शिकयल्यान माका.”

मी बनियन वर केलं. जयवंत जवळ आला. त्यानं माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरली, आणि हात असा कापू लागला की सुई कातडीवर नुसती थरथरत राहिली. एकदा, दोनदा त्यानं सुई उचलली आणि पुन्हा टेकवली. पहार धरताना तो हात असा कापला नव्हता.

“होवचा नाय माझ्यान,” तो म्हणाला.

आतू खिडकीपासून आला. मला वाटलं, आता हा त्याला ढकलतोय. आतूनं चांगल्या हातानं जयवंताचं मनगट धरलं, घट्ट, जसं किनाऱ्यावर धरलं असतं तसं. जयवंत ताठ झाला. आतूनं मनगट सोडलं नाही. ते तसंच धरून ठेवलं, हलकेच खाली आणलं, आणि सुई सरळ आत गेली.

“आता दाब,” आतू म्हणाला. “आणि सगळा जाईपर्यंत हात काढू नको.”